आधी कोणाचं देणं?

२४ मार्च २०२०च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली. महाराष्ट्रात संचारबंदी त्याच्या आदल्याच दिवशी लागली होती. रिक्षा, सलून, पोळीभाजी केंद्र, शिकवणी, बांधकाम, लग्नाचा हॉल, छोटा कारखाना अशा कशाकशावर चालणाऱ्या घरांत येणारा पैसा एका रात्रीत थांबला. जाणारा पैसा मात्र थांबला नाही. घरभाडं, कर्जाचे हप्ते, वीजबिल, शाळेची फी, विम्याचे हप्ते, वाण्याची उधारी, भिशी, औषधं, सोसायटीचा मेंटेनन्स, सगळं आपापल्या तारखेला दारात उभं राहिलं. त्या काळावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं, पण बहुतेक आजाराबद्दल आणि स्थलांतराबद्दल. घरातल्या जमाखर्चाच्या वहीत त्या वर्षी काय घडलं, याचा विचार फारसा झाला नाही. तो व्हायला हवा, कारण असं संकट पुन्हा येणारच नाही, अशी हमी कोणीही देऊ शकत नाही. ते महामारीच्या रूपानेच येईल असंही नाही. कंपनी बंद पडेल, बँक बुडेल, कमावत्या माणसाला मोठं आजारपण येईल. सरकारच्या लेखी ती वेगवेगळी संकटं असली तरी घराच्या वहीत ती सारखीच दिसतात.

अशा वेळी मिळणारा पहिला सल्ला ठरलेला असतो: खर्च कमी करा. सल्ला चुकीचा नाही, पण त्याने फार काही साधत नाही. टाळेबंदीत खर्च आपोआपच कमी झाला होता. प्रवास बंद, हॉटेलं बंद, कपड्यांची दुकानं बंद, लग्नं पुढे ढकललेली. रिझर्व्ह बँकेच्या प्राथमिक अंदाजानुसार एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत देशातल्या कुटुंबांची आर्थिक बचत सकल देशांतर्गत उत्पन्नाच्या २१ टक्क्यांवर गेली आणि पुढच्या तिमाहीत ती निम्म्याने घसरून १०.४ टक्क्यांवर आली. ज्या तिमाहीत देशाचं उत्पन्न पहिल्या अंदाजानुसार २३.९ टक्क्यांनी आक्रसलं, त्याच तिमाहीत बचत फुगली. हा सरासरीचा खेळ आहे. पगार चालू राहिलेल्यांचा पैसा खात्यात साठत गेला आणि पगार थांबलेल्यांकडे कापण्याजोगा खर्चच उरला नाही. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजानुसार एकट्या एप्रिलमध्ये १२ कोटींहून अधिक लोकांचं काम गेलं होतं. या घरांपुढे ‘काय विकत घेऊ नये’ हा प्रश्न नव्हताच. हातात आहेत तेवढ्या पैशांत आधी कोणाचं देणं भागवायचं, हा त्यांचा प्रश्न होता.

माझं म्हणणं असं आहे की अचानक आलेल्या आर्थिक संकटात घर तगतं की कोसळतं, हे काटकसरीपेक्षा देणी भागवण्याच्या क्रमावर जास्त अवलंबून असतं. हा क्रम बहुतेक घरांत तगाद्यावर ठरतो. जो जास्त फोन करतो, दारात येतो किंवा चारचौघांत बोलतो, त्याला आधी मिळतं. खरं तर प्रत्येक देण्याला दोन प्रश्न विचारायला हवेत. हे थकलं तर हातचं काय जाईल? आणि ते थांबवण्याची किंमत किती? या दोन प्रश्नांची उत्तरं तगाद्याच्या क्रमाशी क्वचितच जुळतात.

त्याआधी एक गोष्ट. बचत असणं आणि हातात पैसा असणं एक नव्हे, हे मुंबईने टाळेबंदीच्या सहा महिने आधीच पाहिलं होतं. सप्टेंबर २०१९मध्ये रिझर्व्ह बँकेने पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदाराला एका खात्यातून सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येतील, असं सांगितलं. ती मर्यादा टप्प्याटप्प्याने १०,००० वरून ५०,००० आणि जून २०२०मध्ये एक लाखावर गेली. पगार, पेन्शन, मुदत ठेव आणि सोसायटीचा निधी, सगळं एकाच बँकेत ठेवणारी माणसं हिशेबाने सुस्थितीत होती, पण महिन्याचं बिल भरायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. बँक जानेवारी २०२२मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या उरलेल्या रकमा दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत देण्याचं ठरलं. मार्च २०२०मध्ये येस बँकेच्या खातेदारांनाही काही दिवस ५०,००० रुपयांचीच मुभा होती. ठेवीवरच्या विम्याची मर्यादा फेब्रुवारी २०२०मध्ये एक लाखावरून पाच लाखांवर गेली, हे चांगलंच झालं. पण विम्याचा पैसा हाती येईपर्यंत वाण्याचं बिल थांबत नाही. म्हणून निदान दोन बँकांत खाती आणि थोडी रोख घरात, ही जुन्या माणसांची सवय मला आजही शहाणपणाची वाटते.

आता थांबवण्याच्या किमतीकडे येऊ. २७ मार्च २०२०ला रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ मे या काळातले कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची परवानगी बँकांना आणि वित्तसंस्थांना दिली. २२ मेला ती मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली. ही स्थगिती होती, माफी नव्हती, आणि व्याज चालूच राहणार होतं. यावर वर्तमानपत्रांपासून व्हॉट्सअॅपपर्यंत दोन टोकांची मतं फिरली. काहींच्या मते ही सवलत घेणं म्हणजे फुकटची सोय, तर काहींच्या मते घर बुडवण्याची वाट. आकडे मांडले की दोन्ही मतं अर्धवट ठरतात. समजा ३० लाखांचं गृहकर्ज आहे, व्याज ८ टक्के, मुदत २० वर्षं, हप्ता सुमारे २५,१०० रुपये. कर्जाच्या सुरुवातीलाच सहा महिने हप्ते थांबवले तर थकलेलं व्याज होतं सुमारे १ लाख २२ हजार. हप्ता तेवढाच ठेवला तर हे व्याज फिटेपर्यंत एकूण २४० ऐवजी सुमारे २६६ हप्ते भरावे लागतात. म्हणजे २६ हप्ते जादा, साडेसहा लाख रुपये. हेच कर्ज संपायला दोन वर्षं उरलेली असताना तीच सवलत घेतली, तर बाकी साडेपाच लाखांच्या आसपास असते, सहा महिन्यांचं व्याज साडेबावीस हजार होतं आणि एखादाच हप्ता वाढतो. कर्ज एकच, सवलतही एकच, पण किंमत आभाळपाताळाइतकी वेगळी. सुरुवातीच्या कर्जातही ते सव्वा लाख रुपये घडी बसल्यावर वर्षभरात वेगळे भरून टाकले, तर पुढच्या वाढीव हप्त्यांचा बहुतेक भार टळतो. म्हणजे स्थगिती घेण्यापेक्षा, घेतल्यानंतर तिच्याकडे पाठ फिरवणं जास्त महागात पडतं.

त्या उन्हाळ्यात सगळा वाद मात्र व्याजावरच्या व्याजाभोवती फिरला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक परत देण्याची योजना आणली, आणि २३ मार्च २०२१च्या निकालात न्यायालयाने कोणत्याही कर्जदाराकडून स्थगितीच्या काळासाठी व्याजावर व्याज घेऊ नये असं सांगितलं. संपूर्ण व्याजमाफीची मागणी मात्र नाकारली. वरच्या ३० लाखांच्या कर्जावर हा फरक किती? सुमारे दोन हजार रुपये. तत्त्व म्हणून लढा योग्यच होता. पण लोकांचं लक्ष त्या दोन हजारांवर खिळलं आणि मूळ १ लाख २० हजारांच्या व्याजाचं काय करायचं, याबद्दल त्यांना कोणी नीट सांगितलं नाही. बँकांनी प्रत्येक कर्जदाराला त्याच्या कर्जाचा असा दोन ओळींचा हिशेब पाठवायला हवा होता.

याच हिशेबातून क्रम सापडतो. १०० रुपयांचं देणं सहा महिने थांबवण्याची किंमत वरच्या गृहकर्जावर चार रुपये. महिन्याला साडेतीन टक्के लावणाऱ्या क्रेडिट कार्डावर तेवीस रुपये, त्यावरचा कर वेगळा. महिन्याला शेकडा पाचने घेतलेल्या खासगी कर्जावर तीस रुपये, आणि वर दारात उभा राहणारा माणूस. म्हणून उत्पन्न आटलेल्या घराने अधिकृत सवलत असेल तर गृहकर्जाचा हप्ता थांबवावा आणि त्यातून सुटलेल्या रोख पैशाने कार्ड आणि सावकार आधी मोकळे करावेत. आपल्याकडे मन याच्या उलट धावतं. घराचं कर्ज पवित्र, तो हप्ता काहीही करून जायलाच हवा, आणि त्यासाठी कार्डावर रोख उचलली किंवा दागिना सावकाराकडे ठेवला तरी चालेल, असं मानलं जातं. आठ टक्क्यांचं देणं भागवायला चाळीस टक्क्यांचं देणं उभं करणं ही प्रामाणिकपणाची मोठी महाग रीत आहे.

भविष्य निर्वाह निधीलाही हाच नियम लावून पाहता येतो. २८ मार्च २०२०च्या अधिसूचनेने कर्मचाऱ्यांना तीन महिन्यांचं मूळ वेतन व महागाईभत्ता किंवा खात्यातल्या रकमेच्या ७५ टक्के, यांत जे कमी असेल तेवढं परत भरण्याच्या अटीविना काढता येऊ लागलं. २०१९-२०साठी त्या निधीवर साडेआठ टक्के व्याज होतं. तो पैसा काढून आठ टक्क्यांच्या गृहकर्जाचा, तोही स्थगित होऊ शकणारा, हप्ता भरणं हा उघड तोटा. तोच पैसा शेकडा पाचचं कर्ज फेडायला, शस्त्रक्रियेला किंवा घरात किराणा भरायला काढला तर तो त्याचा उत्तम उपयोग. सोन्याच्या बाबतीत जरा थांबायला हवं. ऑगस्ट २०२०मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना दागिन्यांच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा दिली. आधी मर्यादा ७५ टक्के होती. त्याच आठवड्यात सोनं तोळ्याला ५५ हजारांच्या पुढे, तोवरच्या उच्चांकावर होतं. पुढच्या मार्चअखेर ते ४५ हजारांच्या आसपास उतरलं. शिखरावरच्या भावाने ९० टक्के उचललेल्या घराचं कर्ज आता दागिन्याच्या किमतीहून मोठं झालं. अशा वेळी जादा रक्कम भरा, नाहीतर लिलाव, हे दोनच रस्ते उरतात. सोनं संकटासाठीच असतं, हे खरं; पण मिळतंय तेवढं सगळं उचलायचं नसतं. तारण ठेवलेल्या वस्तूचा भाव उतरेल, असं धरूनच रक्कम ठरवायची असते.

विजेची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे आणि महाराष्ट्राला ती चांगली आठवते. मीटरवाचन थांबलं तेव्हा महावितरणने एप्रिल-मेची बिलं आधीच्या सरासरीवर पाठवली. ही सरासरी डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारीची होती, म्हणजे थंडीच्या महिन्यांची. प्रत्यक्षात माणसं भर उन्हाळ्यात चोवीस तास घरात होती. पंखा, फ्रीज, टीव्ही, मुलांच्या वर्गांसाठी मोबाइल, सगळं चालू होतं. शिवाय वीज नियामक आयोगाने ठरवलेले नवे दर १ एप्रिलपासून लागू झाले होते. जूनमध्ये मीटर वाचले गेले आणि उरलेल्या सगळ्या युनिटांचं बिल एकदम आलं. ज्या घराने १०० युनिटांच्या सरासरीने दोन महिने बिल भरलं आणि खरा वापर महिन्याला २०० होता, त्याच्या जूनच्या बिलात मागचे २०० युनिट अधिक त्या महिन्याचे २०० असा आकडा आला. टप्प्यांचा लाभ तीन महिन्यांत विभागून दिला आहे, आधी भरलेली रक्कम वजा केली आहे, असं महावितरणने सांगितलं. तीन हप्त्यांत भरण्याची आणि एकदम भरल्यास दोन टक्के सवलतीची सोय केली. लोकांचा विश्वास बसला नाही, कारण बिलावरचा आकडा पाहून त्यांच्या पोटात गोळा आला होता.

माझ्या मते इथे दोन्हीकडे एक गोष्ट निसटली. एप्रिलचं ते लहान बिल म्हणजे कमी खर्च नव्हता. ते न मागता मिळालेलं उधार होतं. ‘सरासरी’ हा शिक्का असलेलं बिल आलं की घराने स्वतः मीटर वाचायला हवा, आकडा लिहून ठेवायला हवा आणि फरकाचे पैसे बाजूला काढायला हवेत. स्वतःच वाचन पाठवण्याची सोय तेव्हाही होती. ज्यांनी ती वापरली, त्यांच्या जूनच्या बिलात मागची बाकी फारशी साचली नाही. शासनाची चूक मात्र यापेक्षा गंभीर होती. दिवाळीपर्यंत सवलत मिळेल, असं तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांच्याकडून सूचित झालं. अनेकांनी त्या भरवशावर बिल थकवलं. नोव्हेंबरमध्ये त्यांनीच सवलत शक्य नसल्याचं सांगितलं. नव्या वर्षात जोडण्या तोडण्याचे आदेश निघाले, मार्च २०२१च्या अधिवेशनात त्यांना स्थगिती मिळाली आणि अधिवेशन संपता संपता ती उठली. घोषणेवर विसंबून क्रम ठरवणाऱ्यांचं इथे नुकसान झालं. सवलतीचा लेखी आदेश निघेपर्यंत ती सवलत नाही, असंच धरून चालावं लागतं.

रक्कम लहान आणि परिणाम मोठा असलेली देणी सर्वांत आधी यायला हवीत, आणि नेमकी हीच विसरली जातात. प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याचा वार्षिक हप्ता तेव्हा ३३० रुपये होता आणि संरक्षण दोन लाखांचं. तो मेअखेर खात्यातून आपोआप वळता होतो. खात्यात तेवढी शिल्लक नसेल तर संरक्षण संपतं. मे २०२०मध्ये ज्याने ते ३३० रुपये खात्यात राहू दिले आणि ज्याने खातं रिकामं केलं, त्या दोन घरांची पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत काय स्थिती झाली असेल, याची कल्पना करवत नाही. आरोग्यविमा, मुदतीचा आयुर्विमा, रक्तदाबाची आणि मधुमेहाची औषधं, हे सारं याच रांगेत येतं. मेंटेनन्स, क्लासची फी, वाहनाचा हप्ता मागे गेला तर अपमान होतो, दंडही बसतो, पण ते परत उभं करता येतं.

आणि एक देणं असं आहे, ज्याचं बिलच येत नाही. घरकाम करणाऱ्या ताई, इस्त्रीवाला, पेपर टाकणारा मुलगा, शिकवणीच्या बाई. टाळेबंदीत मध्यमवर्गीय घरात सर्वांत सहज थांबलं ते यांचं देणं, कारण त्यांच्याकडे ना नोटीस, ना दंड, ना क्रेडिट स्कोअर. मी वर मांडलेला क्रम कोरडेपणाने लावला तर यांना सर्वांत शेवटी टाकावं लागेल, आणि म्हणून तो क्रम तसा लावता येत नाही, असं मी ठामपणे म्हणतो. थांबवण्याची किंमत मोजायची ती आपली एकट्याची नाही. बँक सहा महिने थांबू शकते, तिचं भांडवल आहे, तिच्यामागे रिझर्व्ह बँक आहे. महिना तीन हजारांवर घर चालवणाऱ्या बाईच्या मागे कोणी नाही. एप्रिल २०२१मध्ये राज्य सरकारने नोंदणीकृत घरकामगारांना १,५०० रुपये जाहीर केले. पण नोंद नसलेल्या बाईपर्यंत ते पोचणार कसे? ज्याच्या घरी पगार येत राहिला, त्याने यांचा पगार पहिल्या ओळीत लिहायला हवा होता. उत्पन्न खरोखर थांबलेल्या घरानेही निदान अर्धा द्यावा, आणि तेही जमत नसेल तर समोर बसून तसं सांगावं.

यावर पहिला आक्षेप येईल तो अब्रूचा. घेतलेलं फेडायचं, तारीख चुकवायची नाही, हा आपल्या मध्यमवर्गाचा कणा आहे, आणि हप्ता थांबवायला सांगणं म्हणजे बेजबाबदारी शिकवणं. या भावनेबद्दल मला आदर आहे. पण बुडवणं आणि सांगून पुढे ढकलणं यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. स्थगिती घेतलेल्या कर्जदाराच्या पतनोंदीवर परिणाम होऊ नये, असं रिझर्व्ह बँकेने स्पष्ट केलं होतं. ज्यांनी लाजेपोटी काहीच न कळवता हप्ता परत जाऊ दिला, त्यांना दंडही बसला आणि पतही घसरली. वाणी असो, घरमालक असो की बँक, तारखेच्या आधी जाऊन ‘या महिन्यात एवढेच जमतील’ असं सांगणाऱ्या माणसाची अब्रू जात नाही. घरभाड्याबाबत एप्रिल २०२०मध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना निदान तीन महिने वसुली पुढे ढकलण्याचा सल्ला दिला होता. तो सल्ला होता, सक्ती नव्हती, आणि म्हणून त्याचा उपयोग बोलण्यावरच अवलंबून होता.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. हा सगळा हिशेब बँक, विमा, भविष्य निर्वाह निधी असलेल्यांचा. नाक्यावर काम शोधणाऱ्याचं काय? त्याच्या हातात क्रम लावण्याइतका पैसाच नसतो, हे मान्य. त्याच्यासाठी देण्यांच्या यादीआधी हक्कांची यादी येते. २०२०मध्ये ती अशी होती: शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो मोफत धान्य, महिलांच्या जनधन खात्यात तीन महिने ५०० रुपये, केशरी कार्डावर मे-जूनमध्ये आठ रुपये किलो गहू आणि बारा रुपये किलो तांदूळ, पाच रुपयांची शिवभोजन थाळी. हे हक्क मिळाले ते कागद तयार असलेल्यांना. कार्डावर नाव नसलेली सून, गावच्या कार्डावर राहिलेला मुंबईतला मजूर, आधार न जोडलेलं खातं, यांची अडचण संकटात सुटत नाही. ती संकट नसताना सोडवावी लागते. आणि थोडे पैसे हाती आले की याच घराला क्रमाची गरज सर्वांत जास्त असते, कारण शेकडा दहाने पैसे देणारा त्याच्याच गल्लीत राहतो.

तिसरा आक्षेप राजकीय आहे. संकट सरकारने आणि बाजाराने आणलं, मग हिशेबाचं ओझं घरातल्या बाईच्या डोक्यावर का? याच्याशी मी बराचसा सहमत आहे. २०२०मध्ये राज्यकर्त्यांनी जवळजवळ प्रत्येक देणं पुढे ढकललं आणि फारच थोडी माफ केली. पुढे ढकललेली सगळी बिलं मग जून ते नोव्हेंबर या काळात एकत्र येऊन पडली. घराने कितीही शहाणा क्रम लावला तरी त्याने शासनाची जबाबदारी कमी होत नाही. पण सवलतीची मागणी करतानाही, जिच्या वहीत थांबवण्याच्या किमतीचे आकडे आहेत, ती बाई नेमकं काय मागायचं ते सांगू शकते.

त्यांतलं एक मागणं अगदी साधं आहे. पुन्हा कधी मीटरवाचन थांबलं तर सरासरी आधीच्या तीन महिन्यांची नको, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यांची घ्यावी, आणि बिलावर ठळक अक्षरांत छापावं की हा अंदाज आहे, फरक पुढे भरावा लागेल. वीज नियामक आयोग दरनिश्चितीच्या प्रस्तावांवर सर्वसामान्य ग्राहकांच्या लेखी सूचना आणि हरकती मागवतो. पुढच्या वेळी तशी जाहिरात वर्तमानपत्रात दिसली, की ही एक ओळ आपल्या नावाने जरूर पाठवा.